दोन तोंडांची वायर

३० सप्टेंबर २०१३, सोमवार

आजच्या दिवशी मी शाळेला रजा टाकत नाही. पहिली दोन-तीन वर्षं टाकली, मग कळलं की घरी बसलं की जास्त त्रास होतो. दुसरीच्या पोरांकडून चार पाढे म्हणून घेतले की दिवस निघून जातो. आज मात्र वीस वर्षं झाली म्हणून मुख्याध्यापकांनी परिपाठात भूकंपावर बोलायला मलाच उभं केलं. मी म्हटलं, घसा बसलाय. आणि पुढच्या तासाला त्याच घशानं पोरांवर ओरडले.

संध्याकाळी साक्षीचा नांदेडहून फोन. इंजिनिअरिंगला गेल्यापासून या दिवशी ती करतेच. जेवलीस का, नळाला पाणी आलं का, वरच्या खोलीतल्या मुली भाडं वेळेवर देतात का, असंच बोलतो आम्ही. सिंधूचं नाव दोघीही घेत नाही. सिंधू माझी धाकटी बहीण, साक्षीची आई. साक्षी दीड वर्षाची असताना अंगावरचं दूध तोडायचं म्हणून सिंधूनं तिला माझ्याकडे लातूरला आणून सोडलं होतं. गणपती बुडवले की घेऊन जाते म्हणाली. गणपती बुडवले त्याच रात्री पहाटेला तेरणेकाठचं ते गाव खाली बसलं. सिंधू, तिचा नवरा मन्मथराव, सासू-सासरे, कुणी राहिलं नाही. इकडे माझ्या मांडीवर साक्षी दुधासाठी रडत होती.

भेटायला येणाऱ्या बायका ‘माय मरो पण मावशी उरो’ म्हणायच्या. चांगल्या मनानंच म्हणायच्या. पण ती म्हण मी वर्गात कधी शिकवत नाही. देवानं मला मूल दिलं नाही, साक्षी दिली. आणि कशी दिली ते आठवलं की आभार मानायला हात जुळत नाहीत.

साक्षीचा फोन ठेवला तोवर मुखेडहून हणमंतचा आला. हा मन्मथरावांच्या आत्याचा, गुणाबाईंचा मुलगा. गुणाबाई उन्हाळ्यात वारल्या. त्यांची ट्रंक आवरताना सिंधूच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट सापडली म्हणे. मला लख्ख आठवलं. आत्याबाईंनी बघायला म्हणून नेली आणि परत देण्याचं नावच नाही, म्हणून सिंधू किती चिडली होती. त्या काळी सगळेच तसं करायचे, लग्नाची कॅसेट एकदा पाहुण्यांत फिरायला गेली की गेलीच. गुणाबाईंनी वेळेवर परत केली असती तर तीही ढिगाऱ्याखाली गेली असती. आता त्या बाईंना नावं ठेवावीत की पाया पडावं, मला कळत नाही.

साक्षीकडे आईचा एकच फोटो आहे. माझ्या लग्नातला. त्यात सिंधू परकर-पोलक्यात, आणि निम्मा चेहरा कुणाच्यातरी खांद्याआड. म्हणजे खरं तर मी लगेच नांदेडला फोन लावायला हवा होता. लावला नाही. आधी नीट बघू तरी काय आहे ते.

६ ऑक्टोबर, रविवार

हणमंत येऊन गेला. सीताफळांची पिशवी आणि खिशातून रुमालात बांधलेली कंपासपेटीएवढी काळी डबी. नांदेडच्या कुठल्याशा स्टुडिओवाल्याकडून त्यानं कॅसेट हिच्यात उतरवून घेतली. फितीला बुरशी धरली होती. एकदा उतरली आणि मग मशीनमध्येच तुटून गोळा झाली.

‘आता हीच येक हाय अक्का,’ हणमंत म्हणाला. ‘जपून. म्या न्हाई बघितली. मामेभावाला हालताना-बोलताना बघायचं धाडस न्हाई झालं मला.’

मी डबी हातात घेतली. वजन काहीच नाही. जेवायला वाढलं, पोळ्या मोजून नाही वाढल्या तरी तो दोनच खाऊन उठला. जाताना म्हणाला, पोरीला दाखवा पण. मी म्हटलं, दाखवणार नाही तर काय पुरून ठेवणार आहे का? बोलून गेले आणि मग जीभ चावली.

७ ऑक्टोबर, सोमवार

लावून बघितली. साक्षीचा डिप्लोमाच्या वेळचा लॅपटॉप घरीच असतो. बॅटरी मेलेली, वजन पाट्या-वरवंट्याचं, म्हणून तिनं नांदेडला नेला नाही. त्याला बाजूला तीन भोकं आहेत. दोन उजवीकडे एकावर एक, एक डावीकडे, जिथं माउस असतो. डबीच्या वायरीचं एक टोक भलतंच चपटं आणि रुंद, ते डबीत जातं. दुसरं लॅपटॉपमध्ये.

माउस काढून डावीकडे लावली. डबीवर दिवा लागला, आत टक-टक-टक असा आवाज झाला, आणि थांबला. पुन्हा टक-टक. पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत काहीतरी आलं, चष्मा नाकावर चढवेपर्यंत गेलं. उजवीकडचं खालचं भोक बघितलं, तिथंही तेच. वरच्या भोकात तर वायर जाईचना. उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली, थोडी ढकलून बघितली.

हे पेपर वाचत होते. म्हणाले, ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ मी म्हटलं, मग तुम्ही नाचा. यांनीही वायर उलटसुलट केली आणि शेवटी लॅपटॉप जुना झाला असं जाहीर केलं. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, दोष कुणावर टाकायचा ते चटकन सुचतं.

पण ती टक-टक मला आवडली नाही. आत कुणीतरी दार वाजवतंय आणि आपण उघडत नाही असं वाटत राहिलं. डबी जुन्या पातळात गुंडाळून कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. धूळ नको.

१३ ऑक्टोबर, रविवार

खंडेनवमी. शिलाईमशीन, विळी, उलथनं, यांची स्कूटर, वरच्या मुलींनी आणून ठेवलेली फिजिक्सची जाडी पुस्तकं, सगळ्यांची पूजा झाली. लॅपटॉपचीही, दरवर्षीसारखीच. नुसतं वरच्या झाकणाला बोट लावून भागवणाऱ्यांतली मी नाही. कुंकू जरा ओलं कालवून त्याच्या तिन्ही तोंडांना नीट लावलं, कारण जे काही आत जातं ते तिथूनच जातं. यंदा ती डबीही होती. तिच्याही तोंडाला थोडं लावलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. लवकर उघड बाई, म्हटलं. म्हटलं खरं.

हणमंतचा फोन आला, बघितली का? मी सांगितलं, अहो, आमच्याकडे लाइटच टिकत नाही. दिवसभर लाइट होती. असं का सांगितलं मला माहीत नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटी लॅपटॉप आणि डबी पिशवीत घालून क्लासेसच्या गल्लीत गेले. त्या गल्लीत आता वह्यांपेक्षा पेनड्राइव्ह जास्त विकतात. वीस वर्षांपूर्वी तिथं कडब्याच्या गंजी होत्या. आता जिकडे पाहावं तिकडे भिंतींवर पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे, खाली मार्क. दुकानदारानं मला बघून विचारलं, काकू, केमिस्ट्रीची लेक्चरं पाहिजेत का बायोलॉजीची? मी पिशवी उघडली.

त्यानं लॅपटॉपच्या बाजूला बॅटरी मारली आणि हसायला लागला. म्हणाला, दसऱ्यानंतरचा आठवडा आमचा सीझन असतो काकू. सकाळपासून हा पाचवा. वरच्या भोकात कुंकवाचा खडा झाला होता. या वर्षीचं, गेल्या वर्षीचं, त्याच्या आदल्या वर्षीचं, थरावर थर. त्यानं ब्रश आणि कसल्यातरी स्पिरिटनं ते टोकरून काढलं. लाल भुकटी काउंटरवर पडली तेव्हा मला उगीचच वाईट वाटलं. कागदात बांधून घेऊ का असं क्षणभर मनात आलं. डबीचं तोंडही पुसून दिलं.

पण नुसतं कुंकवानं अडलं नव्हतं. या डबीला चालायला जास्त करंट लागतो आणि जुन्या लॅपटॉपचं एक भोक तेवढा देत नाही, म्हणून ती टक-टक करून बसते, असं तो म्हणाला. त्याला दोन तोंडांची वायर मिळते. दोन्ही तोंडं शेजारच्या दोन भोकांत घालायची, दोघांकडून मिळून करंट घ्यायचा. मी विचारलं, दोन्हीकडून घेतलं तर बिघडत नाही ना? म्हणाला, नाही, तेव्हाच नीट चालते. वायर घेतली. लावून दाखवतो म्हणत होता, मी नको म्हटलं. दुकानात चार पोरं उभी, त्यांच्यासमोर सिंधूचं लग्न कशाला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी शाळा सुटल्यावर लावली. दोन तोंडं दोन भोकांत. दिवा लागला, टक-टक नाही, आत काहीतरी शांतपणे फिरायला लागलं. आणि पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. डिस्क फॉरमॅट झालेली नाही, आता फॉरमॅट करायची का? खाली ‘येस’ आणि ‘नो’.

यांना विचारलं. हे म्हणाले, फॉरमॅट म्हणजे विहित नमुना, आपल्याकडे माहिती यायची ती फॉरमॅटमध्येच यावी लागायची, नसली तर परत. तेव्हा ‘येस’ दाब. मलाही पटलं, शाळेतही अहवाल फॉरमॅटमध्येच मागतात. बाण ‘येस’वर नेला आणि लाइट गेली. बॅटरी तर मेलेलीच, सगळं काळं. भारनियमनाला मी आयुष्यात पहिल्यांदाच शिव्या दिल्या नाहीत, पण ते नंतर.

लाइट येईना म्हणून साक्षीला फोन करून सहज विचारलं, फॉरमॅट म्हणजे काय ग?

‘कशाचं फॉरमॅट?’

‘एक डबी आहे. डिस्क.’

‘कुणाची डिस्क?’

मग सांगावंच लागलं. कॅसेट, गुणाबाई, हणमंत, सगळं. मग ती म्हणाली, ‘मावशी, तू कायबी दाबू नको. येस दाबलं की सगळं पुसून जातं. कायबी दाबू नको.’ मी नाही दाबलं म्हटलं. तिला रडू येत होतं, ते तिनं आवरलं. मग विचारलं, ‘तिचा आवाज हाय का त्याच्यात?’

असेल की, मी म्हटलं.

‘फोटो हाय माझ्याकडं. आवाज कसा होता ते कुणालाच सांगता येत न्हाई. तुलाबी विचारलं होतं लहानपणी, तू नुसतं गोड होता म्हणलीस.’ दिवाळीला येते तोवर हात लावू नको, असं तीनदा बजावून तिनं फोन ठेवला. कधी आली डिस्क, हे तिनं विचारलं नाही. विचारेल म्हणून मी उत्तर तयार करून बसले होते.

२३ ऑक्टोबर, बुधवार

हे लिहू की नको कळत नाही. शाळेतून आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. गच्चीवर वरच्या मुली कसलीतरी सूत्रं मोठ्यानं पाठ करत होत्या. मी कपाटातून डबी काढली आणि दोन तोंडांची वायर लावली. नुसतं नीट ठेवली आहे ना ते बघायला. पुन्हा तोच प्रश्न आला, येस की नो.

मी बाण ‘येस’वर नेऊन ठेवला. दाबणार नव्हतेच. साक्षीनं सांगितलेलं माझ्या चांगलं लक्षात होतं. नुसती बघत बसले. त्या मुली एक सूत्र चुकायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या. मनात काय काय येत होतं. सिंधू त्यात चोवीस वर्षांची आहे, तिला एकही पांढरा केस नाही. ती पोरीवर कधी ओरडली नाही, डबा विसरली म्हणून कधी पाठीत धपाटा घातला नाही. तिच्याकडून काही चुकायला वेळच मिळाला नाही. आणि मी वीस वर्षं रोज काही ना काही चुकत आले. आता पडद्यावर ती वर बघेल आणि विचारेल, आठ दिवसांसाठी सोडली होती ना ग?

दाराची कडी वाजली, दूधवाला. मी ‘नो’ दाबून वायरी काढल्या. बोट दुखत होतं. इतका वेळ हात तसाच धरला होता म्हणून असेल.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

साक्षी आली. बॅग टाकली, पाय धुतले आणि आधी कपाटापाशी गेली. कुठं ठेवलीय ते मी सांगायच्या आत साड्यांच्या खाली हात घातला. तिला माझ्या सगळ्या जागा ठाऊक आहेत. डबी छातीशी धरून म्हणाली, आज नाही, उद्या आंघोळ झाल्यावर लावू. मी चकल्या तळायला बसले, ती शेजारी पिठाचे गोळे करत बसली. वायरीबद्दल मी तिला सगळं समजावून सांगितलं, दोन भोकं, करंट, कुंकू. ती हसून हसून बेजार झाली. मग माझा हात जरा वेळ धरून ठेवला. कशासाठी ते विचारलं नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे अभ्यंगस्नान झालं. फराळाची ताटं तशीच ठेवून साक्षी लॅपटॉपपाशी बसली. कॉलेजातून पेनड्राइव्हवर तिनं काहीतरी आणलं होतं, ते आधी लॅपटॉपला पाजलं. स्टुडिओवाल्यानं डिस्क नव्या पद्धतीनं भरलेली, आणि जुन्या लॅपटॉपला ती पद्धत कळत नाही, म्हणून भरलेली असून त्याला कोरी वाटत होती, असं तिनं सांगितलं. मग दोन तोंडांची वायर लावली. या वेळी प्रश्न आला नाही.

लग्न सुरू झालं. बदामाच्या आकारात नवरा-नवरीची नावं, गुलाब उमलतोय, मग आमचा जुना मांडव. सिंधू बाशिंग बांधून मान खाली घालून बसलेली. हळदीला मान खाली, अक्षता पडल्या तरी मान खाली. आणि मी मात्र सगळीकडे. जांभळ्या साडीत, हातात पाट्या, ताटं, कुणाचं तरी पोर, आणि तोंड सतत चालू. ‘मावशी, किती बडबडायलीस तू,’ साक्षी म्हणाली. हे मागून म्हणाले, अजून कुठं थांबलीय.

पण ऐकू काहीच येत नव्हतं. सगळ्यावर सिनेमाची गाणी. एक संपलं की दुसरं. साक्षीनं पुढे ढकललं, मागे आणलं, आवाज मोठा केला. ‘बोलणं कुठंय ह्यातलं?’ मी सांगितलं की तेव्हा शूटिंगवाले तसंच करायचे, मूळचा आवाज काढून गाणी भरायचे. हे मला माहीत होतं आणि इतक्या दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं. क्षणभर मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली, कारण साक्षीचा चेहरा लहानपणी जत्रेत हरवली होती तेव्हासारखा झाला होता. तिला तेवढं एकच हवं होतं.

शेवटी कंकण सोडायचा कार्यक्रम आला. बायका नाव घे नाव घे म्हणून मागे लागलेल्या दिसतात. सिंधू पहिल्यांदाच मान वर करते. ओठ हलतात, मध्येच हसते, पुन्हा बोलते. त्यावर गाणं ठणठणतंय. साक्षीनं तिथं थांबवलं.

‘काय म्हणली ती?’

मला आठवावं लागलंच नाही. तो उखाणा मीच तिला स्वयंपाकघरात पाठ करून घेतला होता. ‘करडईच्या फुलाला काट्याची राखण, मन्मथरावांचं नाव घेते, सोडा माझं कंकण.’

साक्षीनं गाण्याचा आवाज पूर्ण बंद केला आणि पुन्हा मागून सुरू केलं. ‘तिच्यासंगं म्हण.’

मी म्हटलं. पहिल्यांदा मागे पडले. दुसऱ्यांदा जुळलं. ‘राखण’ला ती हसायची तिथं मीही हसले, ठरवून नाही. तिसऱ्यांदा म्हणत होते तेव्हा बघितलं तर साक्षी पडद्याकडे बघतच नव्हती. डोळे मिटून बसली होती.

‘असाच होता?’ तिनं विचारलं.

असाच, मी म्हटलं. आमचे वडील ओसरीवरून आधी विचारायचे, आत कोण बोललं, थोरली का धाकटी? दाराआडून त्यांनाही ओळखू यायचं नाही.

साक्षीनं डोळे उघडले. मग म्हणाली, ‘मग मी तर रोजच ऐकत आले की.’

मी उठून चहा ठेवला. साखर घातली की नाही ते आठवेना, आणि साक्षीनं तो तसाच पिऊन टाकला. दुपारी तिनं डिस्कवरचं सगळं लॅपटॉपमध्येही उतरवून ठेवलं, दिवाळी झाली की नांदेडला नेऊन आणखी एका जागी ठेवणार म्हणे. हणमंतला मी स्वतः फोन केला. खरं काय ते सांगितलं, बघितली म्हणून. तो रडला.

आत्ता हे लिहीत असताना तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली, मावशी, पणत्यांचं तेल कुठंय? मी ओ दिली. दिली आणि आपलाच आवाज ऐकत जरा वेळ दारातच उभी राहिले.